मारहाण करणाऱ्या नवऱ्याच्या समुपदेशनात उद्दिष्टं नेमकी कशी लिहायची? (बेळगाव–खानापूर–निपाणी भाग)

मलप्रभा

नमस्कार. खानापूर, बेळगाव, हुक्केरी, निपाणी भागात डी.व्ही.च्या (कौटुंबिक हिंसाचाराच्या) केसमधल्या पुरुषांसोबत प्रत्यक्ष बसून काम करणाऱ्यांना विचारायचं आहे.

२००५ च्या कौटुंबिक हिंसाचार कायद्याच्या कलम १४ खाली कोर्ट नवऱ्याला समुपदेशनाला पाठवतं आणि पुढची तारीख दोन महिन्यांच्या आत लावतं. फाइलीत उद्दिष्ट लिहायचा रकाना असतो आणि बहुतेक फाइलींत तिथं एकच ओळ सापडते: 'राग आवरणे, दारू सोडणे, संसार जुळवणे.' चार बैठका होतात, तो कान पकडतो, सही करतो, फाइल बंद. काही महिन्यांनी तीच बाई पुन्हा सिव्हिलमध्ये पट्टी बांधून घेत असते.

नमुन्यादाखल एक केस धरू. ही अनेक केसेस मिळून केलेली आहे, कुणा एका घरची नव्हे. नवरा पस्तिशीचा, उद्यमबागेत मशीनवर कामाला. पगार झाला की पितो. लग्नाला आठ वर्षं, मारहाण वाढत गेलेली, मागच्या वेळी गळा दाबला. बायको मुलाला घेऊन चंदगड तालुक्यात माहेरी. गल्लीतल्या पंचांनी दोनदा 'पुन्हा करणार नाही' लिहून घेतलंय. त्याचं म्हणणं, "हात उचलला ते चुकलंच, पण तीबी तोंड लावते की."

याच्यासाठी तपासून बघता येतील अशी उद्दिष्टं कशी लिहायची? आठ आठवड्यांत त्यातलं किती धरायचं? झालं असं कधी म्हणायचं, आणि ते कुणी म्हणायचं? शिवाय बायको स्वतःच म्हणते की दोघांना एकत्र बसवा. तिला काय सांगायचं?

---

मार्कंडेय

ताई, त्या एका ओळीतलं एकही उद्दिष्ट हिंसेला हात घालत नाही. फाइल परत उघडते ती त्यामुळं.

रागाचं बघा. हा माणूस फोरमनवर हात टाकत नाही. उसने पैसे बुडवणाऱ्या मित्रालाही मारत नाही. घरी येऊन, दार लावून मारतो, आणि पुष्कळदा साडीखाली झाकेल अशा जागी. म्हणजे राग त्याला आवरता येतो, फक्त घरात तो आवरायची गरज त्याला वाटत नाही. 'संसार जुळवणे' हे तर उपचाराचं उद्दिष्टच होत नाही. नांदायचं की नाही हे तिनं ठरवायचं आहे. ते आपल्या फाइलीत घातलं की ती परत आली यालाच आपण यश धरायला लागतो. भीतीपोटी परत आलेली बाईसुद्धा मग यशात मोजली जाते.

उद्दिष्ट लिहिण्याआधी बायकोला एकटीला भेटा. तो येण्याच्या दिवशी नाही, त्याच्या नातेवाइकांसोबत नाही. तिला विचारायचं: गळा कधी दाबला का, मारून टाकीन म्हणाला का, गरोदर असताना मारलं का, सतत संशय घेतो का, ती गेल्यापासून पाठलाग करतो का, घरात कोयता, विळा, फवारणीच्या औषधाची बाटली कुठं असते. तुमच्या नमुन्यात गळा दाबलाय. हे कानफटात मारण्याच्या यादीत घालू नका. ज्या बाईचा गळा याआधी दाबला गेलाय तिचा खून होण्याचा धोका साधारण सातपट असतो, असं २००८ मधल्या अमेरिकेतल्या अभ्यासात दिसलं होतं. गळ्यावर वळ नसला तरी आवाज घोगरा होणं, गिळताना दुखणं, डोळ्यात लाल ठिपके, त्या वेळी लघवी होणं ही लक्षणं विचारा आणि डॉक्टरांकडून नोंदवून घ्या. अशा केसमध्ये त्याची पहिली बैठक होण्याआधी तिची सुरक्षा योजना लिहून झालेली असावी. या कायद्याच्या नियमांत त्यासाठी नमुना ५ आहेच. तो कोरा राहतो, कारण तो भरणं हे आपलं काम आहे असं कुणालाच वाटत नाही.

आता उद्दिष्टं. प्रत्येकात तीन गोष्टी हव्यात: काय बंद होईल, त्या जागी काय होईल, आणि ते कळणार कुठून. तिसरी नसेल तर ते उद्दिष्ट कागदावरच राहतं.

पहिलं उद्दिष्ट हिंसा थांबण्याचं, पण 'मारहाण' एवढंच लिहू नका. कायद्याच्या कलम ३ मध्ये शारीरिक, लैंगिक, शाब्दिक-भावनिक आणि आर्थिक असे चारही प्रकार आहेत. समुपदेशन सुरू झाल्यावर हात थांबतो आणि बाकीचे तीन वाढतात, हे फार वेळा होतं. ताट भिरकावणं, आठ-आठ दिवस अबोला, रात्री दोनला उठवून जाब विचारणं, तिच्या भावाला फोन करून धमकावणं, तिची इच्छा नसताना जवळ ओढणं. यातलं तिच्या बाबतीत जे घडलंय ते तिच्याच शब्दांत यादीत घाला.

दुसरं, केलेल्या गोष्टीची पूर्ण कबुली. 'हात उचलला गेला', 'भांडण झालं', 'जरा ढकललं' ही वाक्यं ओळखायला शिका. यात मारणारा कुणीच नसतो, मार आपोआप पडलेला असतो. बदललेलं वाक्य असं असतं: 'ती दाराकडं निघाली होती. मी तिचे केस धरून मागं ओढलं आणि डाव्या कानाखाली दोनदा मारलं. पोरगं बघत होतं.' कर्ता, कृती, जागा, कुणासमोर. हे पहिल्या बैठकीत येत नाही. पाच-सहा बैठका गेल्या तरी 'पण तीबी' येतच राहतं. दर वेळी शांतपणे तिथंच थांबवायचं: 'तिनं काय केलं ते नंतर. तुम्ही काय केलंत?'

यासाठी अमेरिकेत डुलुथ शहरातल्या, मारहाण करणाऱ्या पुरुषांसाठीच्या कार्यक्रमातली नोंदवही फार उपयोगी पडते. तो कार्यक्रम १९८१ साली सुरू झाला, आणि सत्ता व नियंत्रणाचं जे चक्र सगळीकडं भिंतीवर लावलेलं दिसतं ते १९८४ मधलं, तिथलंच. एका प्रसंगाची सात मथळ्यांखाली नोंद करायची: मी काय केलं, त्यातून मला काय साधायचं होतं आणि मनात कोणती समजूत होती, भावना काय होती, मी ते कमी कसं दाखवलं किंवा दोष कुणावर टाकला, परिणाम काय झाला, आधीच्या हिंसेचा यात काय वाटा, आणि वेगळं काय करता आलं असतं. नमुन्यातल्या माणसाची एक नोंद भरून दाखवतो.

रविवारी रात्र. तिनं महिला बचत संघाचा हप्ता भरायला पैसे मागितले. मी म्हणालो, 'तुझे गृहलक्ष्मीचे दोन हजार कुठं गेले?' ती म्हणाली, कार्ड तुमच्याकडंच आहे. मी उठून उभा राहिलो, दाराची कडी लावली. हे झालं 'काय केलं'. बघा, अजून हात लागलेला नाही, तरी कडी लावणं ही कृती आहे. दहापैकी नऊ जण ती सोडून देतात, म्हणून तिच्यावर थांबा. साधायचं काय होतं? तिनं पैशाचा विषय बंद करावा. समजूत कोणती? घरातला पैसा माझा, हिशेब तिनं द्यायचा, मी नाही. भावना? कार्डाची गोष्ट खरी होती म्हणून लाज वाटली. कमी कसं दाखवलं? 'नुसता बोलायला उठलो होतो.' परिणाम? ती स्वयंपाकघरात जाऊन बसली, पोरगं पांघरुणात तोंड घालून पडलं, हप्ता थकला आणि संघाच्या बैठकीत सगळ्या बायकांसमोर तिला बोल बसला. आधीची हिंसा? मागं कडी लावल्यावर मारलं होतं, त्यामुळं आता नुसती कडी वाजली तरी पुरतं. वेगळं काय? कार्ड तिच्या हातात देऊन हप्ता भरायला सांगणं.

या एका नोंदीवर तास-दीड तास सहज जातो, आणि तो सत्कारणी लागतो. दर आठवड्याला एक अशी नोंद. लिहिता येत नसेल तर तोंडी, आपण लिहून घ्यायची.

तिसरं उद्दिष्ट त्यातूनच निघतं: पैसा आणि कागदपत्रं. आपल्या भागात हे कुणी लिहीत नाही. तिचं एटीएम कार्ड आणि पिन तिच्याकडं. गृहलक्ष्मीचे (कर्नाटक सरकार बाईच्या खात्यात घालतं ते) महिन्याचे २,००० तिनं ठरवावे तसे. विडी वळत असेल तर मजुरीचं कार्ड तिच्या ताब्यात. आधार कार्ड तिच्या पिशवीत: कर्नाटकच्या शक्ती योजनेत बायकांना बसच्या तिकिटाचे पैसे लागत नाहीत, पण ओळखपत्र दाखवावं लागतं. आधार नवऱ्याच्या कपाटात असेल तर बाई फुकटच्या बसमध्येही चढू शकत नाही. 'चौथ्या आठवड्यापर्यंत आधार, रेशनकार्डाची प्रत, पासबुक, मुलाचा जन्मदाखला संरक्षण अधिकाऱ्यांमार्फत (या कायद्याखाली नेमलेले सरकारी अधिकारी) परत' असं लिहा. हे झालं का, हो किंवा नाही, एका फोनवर कळतं.

प्रसंगातून बाजूला होण्याची पद्धत शिकवायची ती पहिल्या आठवड्यातच, पण नियमांसकट. अंगातली खूण ओळखायची (जबडा आवळणं, आवाज चढणं), 'मी तासाभरानं येतो' एवढं एकच वाक्य बोलायचं, एक तास बाहेर, पिणं नाही, गाडी चालवणं नाही, तिच्याविरुद्ध मित्रांचे कान भरणं नाही, आणि तासानं परत किंवा फोन. नियम नसले की हीच पद्धत हत्यार होते: ती पैशाचं बोलायला लागली की 'मॅडमनी बाहेर जायला सांगितलंय' म्हणून हा थेट बारमध्ये. म्हणून बायकोलाही ती पद्धत त्याच नियमांसकट वेगळी समजावून सांगा. आणि तो गेल्यावर तिनं थांबायलाच हवं असं काही नाही, हेही तिला सांगा.

---

घटप्रभा

मार्कंडेय यांनी दारूचं सोडलंय, ते मी घेते. काम व्यसनमुक्ती आणि मनोरुग्ण विभागातलं.

दारू आणि मारहाण ही दोन वेगळी उद्दिष्टं. दारूनं मार वाढतो, जखमा जास्त होतात, हे खरं. पण दारू सुटून वर्ष झालं तरी हुकूम, संशय, पैशाची अडवणूक तशीच, अशी घरं कमी नाहीत. म्हणून 'दारू सोडली' हे दुसऱ्या रकान्यातल्या यशाचा पुरावा होत नाही. उलट बाजूनं, माणूस रोज संध्याकाळी टुन्न असेल तर वर सांगितलेली नोंदवही फुकट. दोन्ही एकदम चालवायचं.

'पगाराला पितो' एवढ्यावर सोडू नका. ऑडिट या पिण्याच्या सवयी तपासायच्या प्रश्नावलीत दहा प्रश्न आहेत, एकूण गुण ४०. ८ किंवा जास्त आले की पिणं धोक्याचं, २० किंवा जास्त आले की अवलंबित्वाची शक्यता, म्हणजे मानसोपचारतज्ज्ञाकडं पाठवायचं. पिण्याचं माप ग्लासात नको, क्वार्टर किती आणि कशाची ते विचारा. खानापूर बाजूला गोव्याची स्वस्त मिळते, त्यामुळं पैशावरून अंदाज चुकतो.

रोज पिणाऱ्याला 'उद्यापासून बंद' असं शपथपत्रावर लिहून घेणं धोक्याचं आहे. शेवटच्या घोटानंतर सहा ते चोवीस तासांत हात थरथरणं, घाम, झोप उडणं. पहिल्या दोन दिवसांत फिट येऊ शकते. दुसऱ्या ते चौथ्या दिवसात भास, बडबड, वेळ-जागेचं भान जाणं, आणि या अवस्थेत माणूस दगावतो. आधी कधी फिट आली असेल किंवा भास झाले असतील तर घरी सोडवू नका, दाखल करा. आणखी एक: गावातला डॉक्टर अशा माणसाला लगेच ग्लुकोजची बाटली लावतो. बी-१ म्हणजे थायामिन आधी द्यायचं असतं. ते न देता ग्लुकोज चढवलं तर मेंदूला कायमची इजा होऊ शकते.

आता सगळ्यात महत्त्वाचं. बायकोला कुणीतरी 'जेवणातून द्यायची पावडर' आणून देतं. त्यात बरेचदा डायसल्फिराम असतं. हे औषध घेणाऱ्याच्या संमतीनं, लिव्हर आणि हृदय तपासून, दारू थांबून किमान बारा तास झाल्यावर सुरू करायचं असतं. चोरून दिलं आणि तो प्यायला तर तोंड लाल, छातीत धडधड, उलट्या, रक्तदाब कोसळणं, प्रसंगी जीवावर बेततं. शेवटच्या गोळीनंतर चौदा दिवसांपर्यंत हे होऊ शकतं. आणि त्याला कळलं की मार कुणाला बसतो ते सांगायला नको. म्हणून उद्दिष्टात स्पष्ट लिहा: 'औषधाची जबाबदारी त्याची. बायकोनं गोळी देणं, मोजणं, वास घेणं यातलं काहीही करायचं नाही.' दवाखान्यातून किंवा त्यानं निवडलेल्या दुसऱ्या माणसाच्या देखरेखीखाली गोळी घेऊ दे.

'तू गेलीस तर फवारणीचं औषध पिईन' ही धमकी फार येते. ती तिला बांधून ठेवण्याची युक्ती असते, आणि ती खरीही ठरू शकते. दोन्ही धरून चाला. आत्महत्येच्या धोक्याचं मूल्यमापन वेगळं करा, औषधाची बाटली घरातून हलवा, टेलिमानस या मानसिक आरोग्याच्या सरकारी हेल्पलाइनचा १४४१६ नंबर त्याच्याच फोनमध्ये घाला, गरज असेल तर जिल्हा रुग्णालय किंवा धारवाडच्या डिमहान्स या मनोरुग्णालयात पाठवा. फक्त त्याला जिवंत ठेवायची जबाबदारी बायकोच्या गळ्यात घालू नका. 'तुम्ही परत गेलात तर तो सावरेल' हे वाक्य आपल्या तोंडून कधी निघू नये.

---

वेदगंगा (वकील)

कायद्याच्या बाजूनं थोडं.

१) २००६ च्या नियमांतला नियम १४ प्रत्येकानं छापून टेबलावर ठेवावा. समुपदेशनाचा हेतू तिथं लिहिलाय: हिंसा पुन्हा होणार नाही याची हमी मिळवणं. नवऱ्याला हिंसेचं समर्थन मांडायला मनाई आहे, आणि हे त्याला सुरुवातीलाच सांगायचं असतं. म्हणजे 'तीबी तोंड लावते' हे थांबवणं हा तुमचा कडकपणा नव्हे, नियमच तसा आहे. पहिल्या बैठकीत मराठीत वाचून दाखवा आणि वाचून दाखवल्याची सही घ्या. कोर्टाचे कागद कन्नडमध्ये असतात. पुष्कळांना आपण कशावर सही केली ते कळलेलंच नसतं आणि पुढं तेच निमित्त होतं.

२) नियम १३ प्रमाणं वादात हितसंबंध असलेला किंवा नात्यातला माणूस समुपदेशक होऊ शकत नाही (नात्याच्या बाबतीत सगळ्यांनी लेखी हरकत सोडली तर वेगळं). नवऱ्याची बाजू लढवलेला वकीलही नाही. पंचांमध्ये चुलत सासरा बसलेला असतो, त्यांचा कागद समुपदेशन म्हणून जोडू नका. त्या कागदाला संरक्षण आदेशाचं बळ नाही. कलम १८ चा आदेश मोडला तर कलम ३१ खाली एक वर्षापर्यंत कैद किंवा वीस हजारांपर्यंत दंड किंवा दोन्ही, आणि तो गुन्हा दखलपात्र व अजामीनपात्र. पंचांचा कागद मोडला तर पुन्हा पंचच बसतात.

३) बायको चंदगडला माहेरी आहे. कलम २७ प्रमाणं ती तात्पुरती राहते तिथल्या कोर्टातही अर्ज करू शकते, आणि आदेश देशभर चालतो. इकडचा संरक्षण आदेश असेल तर त्याची प्रत महाराष्ट्रातल्या तिच्या माहेरच्या पोलीस ठाण्याला पोचली का ते बघा. हद्दीवरून टोलवाटोलवी होते ती प्रत नसल्यामुळं. आपल्याकडं संरक्षण अधिकारी बहुतेक ठिकाणी सीडीपीओ (बालविकास प्रकल्प अधिकारी) असतात आणि त्यांच्याकडं अंगणवाडीचं सगळं काम असतंच, त्यामुळं पाठपुरावा तुम्हीच करायचा.

४) मार्कंडेय यांच्या 'पूर्ण कबुली'बद्दल माझी एक हरकत आहे. पोलिसांत भारतीय न्याय संहितेच्या कलम ८५ ची (नवऱ्याकडून किंवा सासरकडून छळ, जुनं ४९८-अ) केस चालू असेल तर त्याचा वकील त्याला तोंड उघडू देणार नाही, आणि तुमची नोंदवही कोर्टात मागवली जाऊ शकते. पहिल्याच दिवशी लिहून सांगा की कोर्टाला काय कळवलं जाईल: हजेरी, सहभाग, नवीन हिंसा किंवा धमकी, आदेशभंग. जुन्या प्रसंगांचा तपशील अहवालात घालू नका.

५) सासूही मारहाणीत असेल तर तिलाही उत्तरवादी (ज्याच्याविरुद्ध अर्ज असतो तो) करता येतं. कायद्यातला 'प्रौढ पुरुष' हा शब्दप्रयोग सर्वोच्च न्यायालयानं ऑक्टोबर २०१६ मध्ये रद्द केला. म्हणजे समुपदेशनाचा आदेश तिच्यासाठीही मागता येतो.

---

मार्कंडेय

वकीलसाहेबांची हरकत मान्य, आणि तोडगाही तोच. केस चालू असेल तेव्हा तारीख-वार न घालता सवयीच्या रूपात बोलायचं: 'मी गळा धरतो तेव्हा मला काय हवं असतं?' जबाबदारी घेण्याचं काम त्यानं अडत नाही.

आठ आठवड्यांचं. दुसरीकडं कार्यक्रम किती लांब असतात बघा: डुलुथचा साधारण सव्वीस-सत्तावीस आठवडे, कॅलिफोर्नियात कायद्यानं बावन्न, दर आठवड्याला दोन तास. आणि एवढं करूनही २००४ मध्ये २२ अभ्यासांचा एकत्रित आढावा घेतला तेव्हा परिणाम लहानच दिसला. हे काम सोडून द्यावं म्हणून सांगत नाही. बैठकांवर सगळी भिस्त ठेवू नये, कोर्टाचा आदेश आणि बायकोच्या बाजूचा आधार शेजारी उभा असावा, म्हणून सांगतोय. कार्यक्रमाला नाव घातलं की बायकोची आशा वाढते आणि ती सावधपणा सोडते, हा यातला खरा धोका आहे. तिला पहिल्याच भेटीत स्पष्ट सांगा: तो येतोय याचा अर्थ तो बदलला असा नाही.

तर आठ आठवड्यांत धरायचं एवढंच: धोक्याचं मूल्यमापन, हमीपत्र, बाजूला होण्याची पद्धत, कागदपत्रं परत, दारूची तपासणी, आणि तीन-चार नोंदी. समजुती, लैंगिक जबरदस्ती, बापपण हे पुढचं. त्यासाठी अहवालात मुदत वाढवून मागा.

जमेल तिथं गट करा. आठ-दहा पुरुष, चालवणारे दोघं, एक बाई आणि एक पुरुष. गटात एकटा माणूस खोटं बोलला की दुसरा ओळखतो, हा फायदा. गटात बिघडतं ते असं: एकानं 'हल्ली बायका लगेच ४९८ लावतात' म्हटलं की बाकीचे माना हलवतात आणि पुरुष चालकही हसून मान हलवतो. त्या क्षणी गट उलटा चालू होतो. चालकानं तिथंच विचारायचं, 'केस लागायच्या आदल्या रात्री घरात काय झालं होतं?' वेळही त्यांच्या पाळीप्रमाणं ठेवा. गळिताच्या हंगामात ऊसवाले येत नाहीत आणि गैरहजेरी वाढली की गटच मोडतो. तीनदा न सांगता गैरहजर तर कोर्टाला कळवायचं, हे लेखी असू दे.

---

मलप्रभा

खूप उपयोगी पडतंय. दोन गोष्टी राहिल्या. एकत्र बसवण्याचं काय? आणि 'झालं' कधी म्हणायचं? मुलाचंही कुणी बोललं नाही.

---

घटप्रभा

एकत्र बसवणं: आत्ता नाही, आणि गळा दाबलेल्या केसमध्ये तर नाहीच. समोर बसून ती खरं बोलली तर त्याची किंमत घरी मोजते. खोटं बोलली तर आपण खोट्यावर काम करतो. तिला 'नाही' म्हणताना कारण सांगा आणि विचारा की तिला त्या बैठकीतून काय हवंय. बहुतेक वेळा उत्तर येतं: त्यानं सगळ्यांसमोर कबूल करावं, खर्चाला पैसे द्यावेत, मुलाला शाळेतून उचलून नेऊ नये. ही तिन्ही कामं वेगवेगळ्या बैठकांतून आणि कोर्टाच्या आदेशातून होतात. पुढं कधी बसवायचंच तर हिंसा आणि धमकी पूर्ण थांबून बरेच महिने झालेले, आणि एकांतात विचारल्यावर 'मला त्याची भीती वाटत नाही' असं तिनं सांगितलेलं असावं.

तिला फोन करताना काळजी घ्या. कोणत्या वेळी, कोणत्या नंबरवर, दुसऱ्यानं उचलला तर काय म्हणायचं, हे आधी ठरवा. 'अंगणवाडीतून बोलतेय, बाळाचं वजन करायचंय' असं तिच्याशी ठरवलेलं एखादं वाक्य पुरतं. आणि तिनं सांगितलेली एकही गोष्ट त्याच्या बैठकीत जशीच्या तशी काढायची नाही. 'तुमच्या बायकोनं सांगितलं की शनिवारी...' हे वाक्य म्हणजे तिला मार खायला पाठवणं.

मुलाचं उद्दिष्ट वेगळं लिहा: मुलाकडून निरोप पाठवणार नाही, त्याला 'आई कुणाशी बोलते' विचारणार नाही, त्याच्यासमोर तिला शिवी देणार नाही, भेटीच्या ठरल्या वेळेला पिऊन येणार नाही. पुष्कळ पुरुष बायकोसाठी बदलायला तयार नसतात, पण 'पांघरुणात तोंड घालून पडलेलं पोरगं' या ओळीवर मात्र थांबतात. ते दार वापरा. पण 'पोरासाठी तरी परत ये' हा निरोप तिच्याकडं जाणार नाही याची खबरदारी घ्या.

'झालं' कधी? ब्रिटनमध्ये अशाच कार्यक्रमांचा अभ्यास करणाऱ्या, २०१५ साली पुऱ्या झालेल्या मिराबल प्रकल्पात यशाचे सहा निकष वापरले होते आणि ते बायकांशी, पुरुषांशी, यंत्रणांशी बोलून काढलेले होते: आदरानं बोलणं, बाईच्या वावराला मिळालेली मोकळीक, सुरक्षितता, मुलांचं सुरक्षित संगोपन, पुरुषाला आपल्या वागण्याचं भान, मुलांचं बालपण. 'एकत्र नांदतात' हा निकषच नाही. आपल्याकडं ते प्रश्नांत असे उतरतात. न विचारता माहेरी फोन करता येतो का? संघाच्या बैठकीला जाऊन उशिरा आली तर काय होतं? भाजीत मीठ जास्त पडलं तर घरात काय होतं? 'नाही' म्हटल्यावर झोपू देतो का? दर महिन्याला हेच प्रश्न, फक्त तिला, एकटीला. ती वेगळी राहत असेल तर प्रश्न बदलतात: रस्त्यात आडवा येतो का, पोटगी वेळेवर येते का. कार्यक्रम संपल्यावरही किमान सहा महिने हे विचारत राहा.

---

मार्कंडेय

आठव्या आठवड्याच्या अहवालाचा नमुना देतो, सोयीप्रमाणं बदला आणि कन्नडमध्ये करून घ्या:

'उत्तरवादी आठपैकी सात बैठकांना हजर. नियम १४ मराठीत वाचून दाखवला, हमीपत्र घेतलं. अर्जदाराची कागदपत्रं संरक्षण अधिकाऱ्यांमार्फत परत. दारूसाठी जिल्हा रुग्णालयात तपासणी झाली, औषध सुरू. या काळात शारीरिक हिंसेची नवीन तक्रार नाही. अर्जदाराच्या भावाला धमकीचा एक फोन केल्याचं उत्तरवादीनं कबूल केलं. आधीच्या इतिहासात गळा दाबणं असल्यानं धोका अजून जास्त मानला आहे. उत्तरवादीमध्ये सुधारणा झाली असून अर्जदारानं त्याला संधी द्यावी.'

---

वेदगंगा (वकील)

मार्कंडेय, शेवटचं वाक्य काढा. समोरचा वकील तेवढंच मोठ्यानं वाचतो आणि संरक्षण आदेश उठवायचा अर्ज टाकतो. त्या जागी लिहा: 'पुढील अठरा आठवडे समुपदेशन चालू ठेवणं आवश्यक आहे.' आणि भावाला केलेल्या फोनची तारीख, वेळ घाला, तो आदेशभंग ठरू शकतो. जुन्या प्रसंगांचं मी वर जे म्हटलं ते नवीन धमकीला लागू नाही. मात्र ती माहिती त्याच्याच तोंडून आली की भावाकडून, हे तपासून मगच 'कबूल केलं' हा शब्द ठेवा. भावाकडून आली असेल तर आधी बायकोला विचारा की ती कोर्टासमोर मांडलेली तिला चालेल का.